मोहन बागान क्लबचा सुरुवातीचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलकात्याच्या मोहन बागान क्लबविषयी मराठी वाचकाला बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते: 1911 साली अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला हरवले. ती गोष्ट खरी आहे. मात्र तिच्या आधीची बावीस वर्षे आणि तिच्यानंतरची दोन-तीन दशके तिच्या सावलीत झाकली गेली आहेत. पुढील उत्तरांमध्ये त्या झाकल्या गेलेल्या भागाकडेही लक्ष दिले आहे.

मोहन बागान क्लबची स्थापना कधी, कुठे आणि कोणी केली?

क्लबची स्थापना 15 ऑगस्ट 1889 रोजी उत्तर कोलकात्यात झाली. स्थापनेची बैठक वकील भूपेंद्रनाथ बसू यांच्या बलराम घोष स्ट्रीटवरील घरी भरली होती. भूपेंद्रनाथ क्लबचे पहिले अध्यक्ष झाले आणि जतींद्रनाथ बसू पहिले सचिव. हेच भूपेंद्रनाथ पुढे 1914 साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, यावरून क्लबच्या मागे उभा असलेला वर्ग कोणता होता, याची कल्पना येते. बागबाजार-श्यामबाजार भागातील बसू, मित्र आणि सेन या सधन व सुशिक्षित घराण्यांचा आधार क्लबला होता. खेळणारी मुले मात्र प्रामुख्याने शाळा-कॉलेजातील होती. स्थापनेची तारीख 15 ऑगस्ट आहे, हा अर्थातच निव्वळ योगायोग आहे.

‘मोहन बागान’ या नावाचा अर्थ काय?

बंगालीत ‘बागान’ म्हणजे बाग. फडियापुकुर भागात कीर्ती मित्र यांचा ‘मोहन बागान व्हिला’ नावाचा प्रशस्त वाडा होता. त्याच्या आवारात मुले खेळत असत आणि वाड्याचेच नाव क्लबला मिळाले. आरंभी क्लबचे नाव ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ असे होते. पहिल्या वर्धापनदिनाला आलेले प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो यांनी एक शंका काढली. ज्या क्लबात ना शिकार होते ना नेमबाजी, त्याला ‘स्पोर्टिंग’ कसे म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यानंतर नाव बदलून ‘मोहन बागान अॅथलेटिक क्लब’ असे करण्यात आले. एका इंग्रजी शब्दाच्या नेमक्या छटेसाठी अख्ख्या क्लबचे नाव बदलणाऱ्या त्या मंडळींचे आज थोडे हसूही येते, आणि त्यांच्या काटेकोरपणाचे कौतुकही वाटते.

मोहन बागान हा भारतातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब आहे का?

असे सरसकट म्हणता येत नाही. कोलकात्यातील युरोपियनांचे क्लब त्याच्या आधीचे होते. कलकत्ता फुटबॉल क्लब 1872 चा आणि डलहौसी क्लब 1878 चा. भारतीयांनी चालवलेल्या क्लबांतही शोभाबाजार हा आधीचा होता आणि आर्यन क्लबची स्थापना 1884 ची मानली जाते. मोहन बागान हा देशातील सर्वांत जुन्या आणि आजही अखंड चालू असलेल्या क्लबांपैकी एक आहे, एवढे विधान पुरेसे आहे आणि त्याने क्लबचे मोठेपण जराही कमी होत नाही.

त्या काळातील बंगाली तरुणांनी फुटबॉलचाच ध्यास का घेतला?

याची मुळे खेळाच्या बाहेर आहेत. बंगाली माणूस दुर्बळ, नाजूक आणि लढण्यास नालायक, असे चित्र मेकॉलेसारख्या लेखकांनी रंगवले होते आणि राज्यकर्त्यांनी ते सोयीस्करपणे उचलून धरले होते. हा शिक्का पुसण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये आखाडे निघाले, लाठीकाठीचे वर्ग सुरू झाले आणि त्याच ओघात फुटबॉल आला. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलमुळे तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असे विवेकानंदांनी तरुणांना सांगितले होते; ते स्वतः उत्तर कोलकात्यातलेच.

फुटबॉलचे आणखी एक वैशिष्ट्य होते. क्रिकेटला साहित्य लागते, नीट राखलेली खेळपट्टी लागते आणि दिवसभराची सवड लागते. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळे मैदान पुरते, आणि मुख्य म्हणजे त्यात साहेबाच्या अंगाला अंग भिडवता येते. रस्त्यावर ज्या गोऱ्या शिपायाला हात लावणे शक्य नव्हते, त्याला मैदानात नियमांच्या चौकटीत खांदा मारता येत होता. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांनी 1870 च्या दशकाच्या अखेरीस हेअर स्कूलमधील सोबत्यांना हा खेळ लावला, असे सांगितले जाते. त्यांच्याच शोभाबाजार क्लबने 1892 साली ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे पलटणीच्या संघाला हरवले. भारतीय संघाने गोऱ्या संघाला हरवण्याची घटना 1911 मध्ये पहिल्यांदा घडली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

1889 ते 1911 या बावीस वर्षांत क्लबने काय केले?

या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही, आणि खरे तर क्लबच्या यशाचे उत्तर येथेच आहे. पहिली दहा-बारा वर्षे क्लबच्या नावावर सांगण्यासारखे काहीच नव्हते. स्वतःचे कायमचे मैदान नव्हते, स्पर्धांत संघ लवकर बाद होत असे. 1900 च्या सुमारास शैलेन बसू सचिव झाले आणि चित्र बदलू लागले. लष्करी वळणाच्या या गृहस्थांनी खेळाडूंच्या व्यायामाला, सरावाला आणि शिस्तीला महत्त्व दिले. त्याच सुमारास क्लबला मैदान भागात प्रेसिडेन्सी कॉलेजच्या जागेवर सराव करण्याची सोय मिळाली, म्हणजे गल्लीतला संघ शहराच्या मध्यवर्ती मैदानावर, पलटणींच्या नजरेसमोर आला.

फळ यायला वेळ लागला नाही. 1904 मध्ये कूचबिहार कप मिळाला. 1905 मध्ये चुंचुडा येथे ग्लॅडस्टन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने डलहौसी क्लबचा 6-1 असा धुव्वा उडवला. डलहौसी हा त्या काळातील नामांकित गोरा संघ होता, त्यामुळे या निकालाची चर्चा शहरभर झाली. शिबदास भादुरी यांचे नाव या सुमारास लोकांच्या तोंडी बसले. 1906 ते 1908 अशी सलग तीन वर्षे ट्रेड्स कप मोहन बागानकडे राहिला. 1909 साली संघ प्रथमच आयएफए शील्डमध्ये उतरला आणि गॉर्डन हायलँडर्सकडून पराभूत झाला. सहा-सात वर्षांची ही चढण पाहिली की 1911 चा विजय आकाशातून पडलेला वाटत नाही.

या वर्षांवर बाहेरच्या घडामोडींचीही छाया होती. 16 ऑक्टोबर 1905 पासून बंगालची फाळणी अमलात आली आणि स्वदेशी-बहिष्काराची चळवळ पेटली. विदेशी कापडाच्या होळ्या करणाऱ्या पिढीला विदेशी खेळ टाकून द्यावासा वाटला नाही, उलट त्याच खेळात साहेबाला हरवावेसे वाटले.

आयएफए शील्ड ही कोणती स्पर्धा होती?

इंडियन फुटबॉल असोसिएशन (आयएफए) ही संस्था 1893 मध्ये कोलकात्यात स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने शील्डची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. नावात ‘इंडियन’ असले, तरी संस्थेचा कारभार युरोपियनांच्या हाती होता. स्पर्धेवर ब्रिटिश पलटणींचे वर्चस्व होते, कारण त्यांच्याकडे ताकदीचे, बूट घालून खेळणारे, रोजच्या कवायतीने तयार झालेले खेळाडू होते. भारतीय संघांना प्रवेश मिळे, तोही मोजक्यांना. 1911 पूर्वी एकाही भारतीय संघाने ही ढाल जिंकली नव्हती.

1911 मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत कसा पोहोचला?

10 जुलै रोजी पहिल्या सामन्यात सेंट झेवियर्स कॉलेजला 3-0 असे हरवण्यात आले. 14 जुलैला रेंजर्स क्लबवर 2-1 असा विजय मिळाला. 19 जुलैला रायफल ब्रिगेडशी गाठ पडली. येथे एकच गोल झाला आणि तो बिजयदास भादुरी यांनी केला. उपांत्य फेरीत मिडलसेक्स पलटणीविरुद्ध 24 जुलैचा सामना 1-1 असा सुटला. फेरसामना 26 जुलैला झाला, आणि त्यात मिडलसेक्सचा निभाव लागला नाही. मोहन बागान 3-0 ने जिंकला.

तारखांकडे नीट पाहिले, तर संघ सतरा दिवसांत पाच सामने खेळला आणि तीन दिवसांनी सहाव्यासाठी उभा राहिला. राखीव खेळाडू बदलून उतरवण्याची सोय त्या काळी नव्हती. सचिवांनी शरीर कमावण्यावर दिलेला भर येथे कामी आला, असे मानायला जागा आहे.

29 जुलै 1911 च्या अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

सामना कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर होता आणि प्रतिस्पर्धी होती ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. सकाळपासूनच लोक मैदानाच्या दिशेने निघाले होते. बर्दवानच्या बाजूने जादा गाड्या सोडल्या गेल्या, नदीमार्गे बोटींतून लोक आले, ढाका-फरीदपूरकडून आलेल्यांची संख्याही मोठी होती. गर्दीचे अंदाज साठ हजारांपासून एक लाखापर्यंत दिले जातात. आकडा कोणताही धरला, तरी त्यांतल्या बहुसंख्यांना मैदान दिसत नव्हते. झाडांवर चढलेले, खोक्यांवर उभे राहिलेले आणि पुढच्याच्या खांद्यावरून डोकावणारे लोक मागच्यांना खेळ सांगत होते. दूरवरच्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवण्यात आले होते. धावते समालोचन ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तो पतंग क्षणभर डोळ्यांसमोर आणावा.

पूर्वार्धात कोणालाही गोल करता आला नाही. उत्तरार्धात ईस्ट यॉर्कशायरच्या जॅक्सनने फ्री किकवर गोल केला आणि मैदान शांत झाले. थोड्याच वेळात कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरी साधली. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना शिबदास यांनी डाव्या बाजूने मुसंडी मारली, चेंडू मध्ये अभिलाष घोष यांच्याकडे दिला आणि अभिलाष यांनी तो जाळ्यात धाडला. मोहन बागान 2-1 ने विजयी झाला. निकालाची तार रॉयटर्सने लंडनला पाठवली.

अनवाणी खेळण्याची गोष्ट खरी आहे का?

बहुतांशी खरी आहे. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बचावपटू सुधीर चॅटर्जी यांच्या पायांत बूट होते. हा अपवाद अनेकदा वगळला जातो, कारण तो दंतकथेत बसत नाही. अनवाणी खेळणे हे केवळ गरिबीचे लक्षणही नव्हते. बूट महाग होते हे खरे, पण लहानपणापासून मोकळ्या पायांनी खेळलेल्या मुलाला चेंडू पायाला जाणवतो, झटकन वळता येते आणि बूट जड वाटतात. कोरड्या मैदानावर हा फायदा होता. चिखलात मात्र बूटवाल्याचा पाय ठरे आणि अनवाणी पाय घसरे. शिवाय खिळ्यांच्या बुटाखाली पाय सापडला तर काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

ही सवय लवकर गेली नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून 1-2 ने हरलेल्या भारतीय संघातही बरेच खेळाडू अनवाणी होते, आणि त्या संघाचे कर्णधार टी. आओ मोहन बागानचेच होते.

‘अमर एकादश’ म्हणून ओळखले जाणारे अकरा खेळाडू कोण?

गोलरक्षक हीरालाल मुखर्जी; बचावफळीत भूती सुकुल आणि सुधीर चॅटर्जी; मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेंद्रनाथ सेनगुप्ता आणि नीलमाधव भट्टाचार्य; आघाडीला जतींद्रनाथ ऊर्फ कानू रॉय, श्रीशचंद्र ऊर्फ हाबुल सरकार, अभिलाष घोष, बिजयदास भादुरी आणि शिबदास भादुरी. दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आघाडीपटू अशी ही त्या काळातील रूढ मांडणी होती.

यांतला एकही जण खेळावर पोट भरणारा नव्हता. शिबदास पशुवैद्यक होते, सुधीर चॅटर्जी भवानीपूरच्या मिशनरी कॉलेजात शिकवत आणि पुढे ते रेव्हरंड झाले, अभिलाष घोष स्कॉटिश चर्च कॉलेजचे विद्यार्थी होते. सुधीर ख्रिस्ती होते, सुकुल यांचे घराणे मूळचे उत्तर भारतातील होते आणि भादुरी बंधूंसह अनेक जण पूर्व बंगालचे. तेव्हा ‘उत्तर कोलकात्याच्या भद्रलोकांचा संघ’ हे वर्णन क्लबच्या चालकांना जितके लागू पडते, तितके खेळणाऱ्यांना पडत नाही.

या विजयामुळेच इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

हे खरे नाही. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याची आणि राजधानी कोलकात्याहून दिल्लीला जाणार असल्याची घोषणा झाली. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या असल्यामुळे लोकांनी त्यांची सांगड घातली. राजधानीच्या निर्णयामागे बंगालमधील सततचा असंतोष आणि साम्राज्याच्या प्रशासनाचे हिशेब होते. ते हिशेब एका फुटबॉल सामन्याने ठरले नाहीत. विजयाने बंगाली समाजाचा आत्मविश्वास वाढला, हिंदू-मुसलमान दोघांनीही तो आपला मानला, आणि एवढे महत्त्व त्याला पुरेसे आहे.

त्या वेळची देशाची स्थिती आठवावी. चळवळीचे नेते विखुरले होते, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्याच उन्हाळ्यात महाराजा पतियाळांच्या नेतृत्वाखाली भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि पुण्यात घडलेल्या पाळवणकर बाळू यांनी तेथे शंभराहून अधिक बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरला, बाळू मात्र गाजले. 1911 चा विचार करताना मराठी वाचकाने या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात, असे वाटते.

युनियन जॅकविषयीची आख्यायिका काय आहे?

असे सांगतात की विजयानंतर कोणीतरी फोर्ट विल्यमवरील युनियन जॅककडे बोट दाखवून खेळाडूंना विचारले, ‘हा कधी उतरणार?’ त्यावर उत्तर मिळाले, ‘मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा.’ क्लबने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती 1947 साली, ईस्ट बंगालला 1-0 असे हरवून. विचारणारा कधी वृद्ध ब्राह्मण असतो, कधी आणखी कोणी. उत्तर देणाराही सांगणाऱ्यागणिक बदलतो. संवादाला आख्यायिका म्हणावे, 1947 चा निकाल मात्र नोंदलेला आहे.

शील्ड जिंकल्यावर क्लबला कलकत्ता लीगमध्ये लगेच स्थान मिळाले का?

नाही. शील्डविजेता संघ लीगच्या दाराबाहेर उभा होता, कारण लीग युरोपियन संघांपुरती राखलेली होती. मोहन बागानला दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली ती 1914 मध्ये आणि पहिल्या श्रेणीत 1915 मध्ये. त्यानंतरही पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघ असावेत असा दंडक होता आणि तो 1925 च्या सुमारास, वाद झाल्यानंतर, हटला. विजयाचे कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत. या दंडकाचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो.

याच काळात फरीदपूर जिल्ह्यातील गोष्ठ पाल संघात आले. ‘चीनची भिंत’ हे विशेषण मिळवलेल्या या अनवाणी बचावपटूने 1913 पासून सुमारे दोन दशके किल्ला लढवला. 1962 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू.

मोहन बागानचा मुंबईशी संबंध केव्हा आला?

रोव्हर्स कपच्या निमित्ताने. मुंबईत 1891 पासून खेळवली जाणारी ही स्पर्धा पहिल्या वर्षी वूस्टरशायर पलटणीने जिंकली आणि पुढे कित्येक वर्षे ती लष्करी संघांचीच राहिली. 1923 साली मोहन बागान तिच्यात खेळला. त्याच वर्षी शील्डच्या अंतिम सामन्यात कलकत्ता फुटबॉल क्लबकडून 0-3 असा पराभव पत्करलेला हा संघ मुंबईतही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 1-4 असा हरला. रोव्हर्स कप प्रथम जिंकणारा भारतीय नागरी संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स, 1937 मध्ये. मोहन बागानला हा कप मिळण्यासाठी 1955 पर्यंत थांबावे लागले.

ईस्ट बंगालशी असलेल्या स्पर्धेची सुरुवात कशी झाली?

1920 च्या जुलै अखेरीस कूचबिहार कपमध्ये मोहन बागानचा सामना जोडाबागान संघाशी होता. जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी कारण विचारले, समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ते बाहेर पडले आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. म्हणजे भांडण मुळात जोडाबागानचे होते. मोहन बागान केवळ समोरचा संघ होता. लीगमधली या दोघांची पहिली गाठ 28 मे 1925 रोजी पडली आणि ईस्ट बंगाल 1-0 ने जिंकला. 1911 च्या संघात पूर्व बंगालचे इतके खेळाडू होते हे लक्षात घेतले, तर पुढे ‘घटी’ (पश्चिम बंगालचे) आणि ‘बांगाल’ (पूर्व बंगालचे) अशी जी उभी फाळणी प्रेक्षकांत झाली, तिचा या क्लबच्या मूळ घडणीशी फारसा मेळ बसत नाही.

क्लबने कलकत्ता लीग पहिल्यांदा कधी जिंकली?

1939 मध्ये, म्हणजे स्थापनेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. त्याआधी 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे ही लीग मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकली होती आणि 1936 साली शील्ड जिंकणारा दुसरा भारतीय संघही तोच ठरला होता. 1939 च्या हंगामात मोहम्मडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल आणि कालीघाट या संघांनी आयएफएशी झालेल्या वादातून लीगमधून माघार घेतली, त्यामुळे विरोधक या विजेतेपदाचे मोल थोडे कमी लेखत. मोहन बागानच्या जुन्या चाहत्यांसमोर हा मुद्दा काढताना बेताने काढावा.